अठरावं उत्तर

प्रश्न विचारून झाला की सर मुलांच्या बाकावर जाऊन बसत, हनुवटी तळहातावर टेकवून, त्यांच्यातलेच एक होऊन. कुणी बोलत नसे. मिनिट जाई. मागे बसलेला मी चुळबुळ करायला लागलो की माझ्याकडे न बघताच ते हात वर करत. "येतंय. थांबा."

तुम्हीही वर्गात बसला आहात. मास्तर प्रश्न विचारतात, दोन सेकंद थांबतात आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. आमचे सर या दोन सेकंदांच्या हात धुऊन मागे लागले होते. कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांच्या सेमिनारमध्ये शिक्षक किती थांबला की गप्प मूल बोलतं, हे त्यांना शोधायचं होतं. मी नवा अधिव्याख्याता, त्यामुळे निरीक्षणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. आलेखाच्या कागदावर प्रत्येक मुलाचा एक चौकोन. कोण किती वेळाने बोललं ते त्यात लिहायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही, एवढाच नियम.

स्टाफरूममध्ये त्यांना मौनीबाबा म्हणत. "काय सर, आज काय काय नाही शिकवलंत?" असं कुणी विचारलं की हशा पिकायचा. तेही हसायचे. डबा मात्र खिडकीपाशी एकटेच खायचे. विदर्भातून आलेला सडाफटिंग माणूस. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांना कुणी "घरी या हो एकदा" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मीही म्हटलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

एकदा चहा पिताना आपणहून बोलले. "मी शिकायला इथं आलो ना, तर वर्षभर वर्गात एक शब्द बोललो नाही. उत्तर यायचं मला. पण मनात वाक्य जुळवेपर्यंत इथलं एखादं पोरगं सांगून मोकळं व्हायचं." बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत म्हणाले, "कोणी थांबलंच नाही ना."

हिंजवडीत तेव्हा कंपन्या उभ्या राहत होत्या आणि जो तो पालक मुलाला संगणकाच्या क्लासला घालत होता. प्राचार्यांना सेमिनारचा तास मुलाखतीच्या तयारीसाठी हवा होता. सर हटून बसले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "ठीक आहे. वर्षाअखेर तुमची अठराच्या अठरा मुलं बोलली, तर सेमिनार राहील. एक जरी गप्प राहिलं, तर आपण हा विषय संपवू."

सतरा बोलली. राहिली होती हिंजवडीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी, आणि हातात उरला होता शेवटचा तास.

सरांनी विचारलं, "आपलं गाव शहर झालं, हे माणसाला कधी कळतं?" आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बाकीच्या सतरा जणांना प्राचार्यांची अट ठाऊक होती. एकानेही हात वर केला नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिची मान खाली, बोटं ओढणीशी चाळा करत होती. मला ते बघवेना. आणि मी बोललो.

"म्हणजे बघ, लोकांचे व्यवसाय बदलतात, शेती मागे पडते... असंच ना?"

तिने मान हलवली. मुलांनी माझं उत्तर इमानाने वहीत उतरवून घेतलं. घंटा झाली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी म्हणालो, "सर, बोलली असंच लिहू. मान तर हलवली तिने."

"मान हलवली, असं लिहा," सर म्हणाले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अहवालात त्यांनी लिहिलं: सतरा बोलले, एक राहिली, शिक्षकाने घाई केली. प्राचार्यांनी शिक्षक म्हणजे सरच असा अर्थ घेतला आणि सरांनी तो घेऊ दिला. माझं नाव कुठेच नव्हतं. जूनपासून त्या तासाला बाहेरचा एक तरुण येऊन मुलांना हस्तांदोलन कसं करावं ते शिकवू लागला. दोन वर्षांनी सर निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे गेले. निरोपाच्या दिवशीही माझ्या तोंडून "चुकलं" एवढं काही निघालं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुलांच्या नोकऱ्यांच्या कामासाठी हिंजवडीच्या एका कंपनीत गेलो होतो. बाहेर बसथांब्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई हसत पुढे आली. "सर, ओळखलंत? सेमिनारमधली मी. न बोलणारी."

मी न राहवून विचारलं, "त्या दिवशी तू बोलणार होतीस?"

"हो, म्हणजे काय! ॲक्च्युअली तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तुम्ही बोललात." ती सहज सांगत होती, तिच्या मनात काही नव्हतं. "बाबा महिनाभर दवाखान्यात होते ना तेव्हा. परत आले तर आमच्या घराकडचा रस्ताच दुसरीकडून काढलेला. त्यांनी एका वॉचमनला वाट विचारली. तो म्हणाला, किससे मिलना है? बाबा घरी येऊन नुसते बसून राहिले. गाव शहर झालं ते त्या दिवशी कळलं, असं मी सांगणार होते."

मग म्हणाली, "सर कुठे असतात आता? त्यांना सांगायचं राहूनच गेलं."

सरांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी तिला तसं सांगितलं. तिची बस आली, ती गेली. त्या उत्तरासाठी सर वर्षभर थांबले होते, आणि ते मिळालं मला.