या फोटोत मी कुठे?

महिन्यातून एकदा दहा-बारा मराठी माणसं एका हॉलमध्ये जमली, की किस्से फ्रिजमधल्या चटण्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की बाहेर काढावेसे वाटतात!

आमचं जॉन्सनव्हिलचं फिल्म सर्कल मिलिंदनं सुरू केलं. नागपूरला पत्रकारिता केलेला माणूस, इथे परदेशात शिकायला आला आणि आता ट्रेन चालवतो. यंदाचा विषय त्यानेच ठरवला: अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा, आणि त्यात सिनेमा-वर्तमानपत्रांनी काय केलं. फिल्म संपली की तो एक फ्रेम पडद्यावर थांबवतो. मग प्रत्येकानं सांगायचं, "या फोटोत मी कुठे असतो?" आपल्यातल्या एकानं एकदा तरी खरं उत्तर द्यावं, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी बिचारा सुट्टीचा रविवार घालवतो.

*

पहिल्या रविवारी मोर्चाची फ्रेम होती. आम्ही अकरा जण. अकराही जण म्हणाले, "मी फोटोग्राफर!"

मिलिंद भडकला. "मग मोर्चात कोण, तुमचे सासरे?"

तेव्हापासून फोटोग्राफर व्हायला बंदी आहे.

*

पुढच्या वेळी शाळकरी पोरांवर पोलिस पाण्याचा मारा करताना दिसले. ते चित्र टीव्हीवर आलं आणि देशभर लोकांना घास गिळवेना. आमचा शिरीष इथे काउन्सिलमध्ये वॉटर इंजिनिअर. तो म्हणाला, "मी असतो तर व्हॉल्व्हच बंद केला असता!"

"लगेच?"

"लगेच म्हणजे... आधी मॅनेजरला ईमेल केला असता."

*

आता माझी फजिती. बसमध्ये वेगळं बसवतात म्हणून एका शहरातले काळे लोक वर्षभर बसमध्ये चढले नाहीत, पायी कामावर गेले. पेपरवाले लिहीत राहिले, म्हणून ते जगाला कळलं. मी भारावून गेलो. सोमवारी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ऑफिसला पायी निघालो. समोरून बोचरा सदर्ली, दक्षिणेचा गार वारा! वाटेतल्या नायो उपनगरापर्यंत कसाबसा पोचलो आणि बायकोला फोन केला, "गाडी घेऊन ये."

ती म्हणाली, "झालं का वर्ष?"

*

हॉलचे केअरटेकर एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आजोबा आहेत. एकदा कुलूप लावायला आले आणि "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून मागच्या खुर्चीत बसले, ते शेवटपर्यंत हलले नाहीत. मिलिंदनं त्यांनाही प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आम्हीही आमच्या जमिनीसाठी मोर्चा काढला होता, त्याचा फोटो आहे. दुसऱ्या रांगेत मी. सँडविचेस माझ्याकडे होती."

मिलिंद आमच्याकडे वळला. "बघा! यांना विचार तरी करावा लागला का?"

आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून समोसे खाल्ले.

*

गेल्या महिन्यात शिरीषची आई सांगलीहून आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. नात इरा तिच्या शेजारी बसून जमेल तसं समजावत होती. फ्रेम थांबली. हॉटेलचा फक्त गोऱ्यांसाठीचा काउंटर, समोर चार काळे विद्यार्थी बसलेले, आणि त्यांना कोणी काही देत नाही. पेपरात आलेला फोटो.

आम्ही एकेक करून त्या चौघांच्या शेजारी जाऊन बसलो. स्टुलं कमी पडायला लागली! मिलिंदनं सवयीनं सुस्कारा सोडला आणि विचारलं, "आई, तुम्ही?"

"मी काउंटरच्या आत," आई म्हणाल्या.

शिरीष चपापला. "आई, अगं..."

"थांब रे. आमच्या शेतावर महादू होता. त्याचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात. चहा मीच वरून ओतायचे. वीस वर्षं. भला माणूस होता."

 मिलिंदनं हातातला रिमोट खाली ठेवला.

इरानं हळूच विचारलं, "बट आजी, डिडन्ट एनीवन से एनीथिंग?"

 आई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कोण म्हणणार, बाळा? आमच्या अंगणात कधी कुणी कॅमेरा घेऊन आलंच नाही."