चाचांनी लावलेली दोस्ती

चाचांना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, जपानी तेवढंही नाही. तरी जपान आणि अमेरिका यांची दोस्ती आपल्या जिवावर चालली आहे, असं ते छातीठोकपणे सांगत. नव्वदच्या दशकात ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या कारखान्यात थोडे अमेरिकन आणि थोडे जपानी साहेब होते. त्यांचे बंगले बौशरला एकाच आवारात होते. दापोलीकडचे चाचा तिथले कॅम्प बॉस, म्हणजे नळ, वीज, सफाई बघणारे. नळ गळत राहायचे आणि चाचा राष्ट्रं जोडत बसायचे.

कंपनीही काही कमी नव्हती. दरवर्षी ‘मैत्री संध्या’ भरायची. अमेरिकन मंडळी शेगडीपाशी, जपानी भिंतीपाशी, मधे कागदी झेंडे आणि जनरल मॅनेजरचं भाषण. इतकी सुतकी मैत्री मी दुसरीकडे पाहिली नाही. चाचा मला म्हणायचे, “अरे भाऊ, दोस्ती आपोआप उगवत नाय. भातासारखी लावायला लागते.” मी म्हणायचो, “चाचा, आधी माझा गीझर लावा.”

एकदा जपानी बाईंनी शेजारच्या अमेरिकन बाईंना तांदळाची मिठाई पाठवली, झाकणाच्या सुंदर डब्यात, चाचांच्या हाती. अमेरिकन बाईंनी डबा लख्ख धुतला आणि रिकामाच परत दिला. चाचा तणतणत माझ्याकडे आले. “रिकामं भांडं परत? आमच्याकडं दुश्मनाला पण कोण देत नाय!” आणि या शहाण्या माणसाने पदरच्या पैशाने ओमानी हलवा आणून डबा भरला आणि अमेरिकन बाईंच्या नावाने पोचता केला.

आता जपान्यांना भेटीची परतफेड केल्याशिवाय राहवत नाही. दुसरा डबा आला. चाचांनी पुन्हा हलवा भरला. हे कित्येक महिने चाललं. अमेरिकन बाई बिचाऱ्या खाऊन खाऊन गोंधळल्या होत्या. “चाचा, नोकरी जाईल,” मी बजावलं. “इन्शाल्ला, काय होत नाय.”

झालं ते मैत्री संध्येलाच. जपानी बाई भिंत सोडून शेगडीपाशी आल्या, कमरेत वाकल्या आणि हलव्याबद्दल आभार मानू लागल्या. “कसला हलवा?” अमेरिकन बाईंनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा चाचांकडे वळल्या. परस्परविश्वासावर नुकतंच भाषण ठोकलेल्या जनरल मॅनेजरने दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिसा रद्द करायला लावला. खलास!

मी फार चिडलो. घरी दोन मुली लग्नाच्या, आणि या माणसाला दुसऱ्यांच्या डब्यात हात घालायचं सुचलं! मी वाट्टेल तसं बोललो. चाचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या दोघी बोलतात ना पण?” मला ठाऊक नव्हतं.

सीबच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. तिथे त्या दोघी आल्या. मॅनेजरकडे दोघींनी मिळून रदबदली केली होती, त्याने दाद दिली नव्हती. अमेरिकन बाई उघड रडत होत्या आणि जपानी बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. चाचा माझ्या कानाशी लागले. “बघितलंस? एकाच गाडीतून आल्या.”

आणि छाती काढून आत निघून गेले. हाताला काम नाही, पुढे संसार उभा, आणि स्वारी खुशीत! एवढा मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही. माझे डोळे भरून आले, त्याचाही मला संताप आला.