बोर्डावर नसलेला पैरा

धोंडिराम सरगराची माया धावीला गणितात गचकली आन् तवाच शाळंला तिनं रामराम ठोकला. आज विट्याच्या वरल्या अंगाला द्राक्षबागांत राबणारी चोवीस बायांची टोळी ती चालवती. आन् ती अख्खी टोळी तिच्या मोबाईलात मावती.

मोबाईलात बोर्ड हाय. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. दर कामाचं एक कार्ड. कुणाची बाग, किती एकर, कोण कोण बाया, पिकअप किती वाजता. आईच्या बीपीच्या गोळ्या, शेरडाची लस, लाईटबिल, तेबी तिथंच. घरचं येगळं आन् कामाचं येगळं ठिवलं की दोन्ही इसरतंय, असं तिचं म्हणणं. निम्म्या बायास्नी वाचता येत न्हाई, म्हणून कार्डावर बागंच्या फाटकाचा फोटू. काम उरकलं की माया कार्ड बोटानं सरकवती आन् 'झालं'मधी अशी दाबती, जसा काय ढेकूणच चिरडती.

दोन वर्सामागं ती वीरधवल मुकादमाच्या टोळीत व्हती. त्यो एकाच दिवशी दोन बागा कबूल करायचा आन् बायांवर खेकसायचा. माया भांडून भाईर पडली. मागनं पयली आली मुक्ताबाई. साठीची बाई, पर द्राक्षाचं घड औषधात बुडवाय लागली की दोन पोरींना भारी. आन् नव्या टोळीला पयली बाग दिली बागायतदार नानासोंनी. तवापास्नं नानासोंचं काम मायानं कवाच पुढं ढकललं न्हाई.

औंदा डिसेंबरात नानासोंच्या दोन एकरांत डिपिंग व्हतं. मणी हरभऱ्याएवढा झाला की औषधाच्या मगात एकेक घड बुडवायचा. त्याला दोन दिस मिळत्यात. तिसऱ्या दिशी बुडवलं काय आन् न बुडवलं काय, मणी फुगत न्हाई, वर्साचा माल बारीक ऱ्हातो. बुधवार-गुरुवार ठरला. चोवीस बाया, कार्ड हिरवं, म्हंजे पक्कं. मायानं नानासोंना शब्द दिलता.

बुधवारी सकाळी सातला पिकअपजवळ मायाला धरून तेरा बाया.

"बाकीच्या कुठं मेल्या?"

"भामाबाईच्या रानात. कांदा लावाय," मुक्ताबाई म्हणली. "पैरा हाय न्हवं."

पैरा म्हंजे तू माझ्या रानात ये, मी तुझ्या रानात येती. मजुरी न्हाई, हिशेब न्हाई. भामाबाई टोळीत न्हाई, पर त्या अकरा बायांच्या रानात ती राबली व्हती, आज त्या तिच्याकडं गेल्या.

"मला सांगाय काय झालतं?"

"सांगायचं काय त्यात? समद्या गावाला ठावं हाय."

"बोर्डावर न्हवतं, मावशी."

"मग तुझ्या बोर्डालाच ठावं न्हाई, दुसरं काय."

मायाचं डोस्कं फिरलं. तिनं मुक्ताबाईला धरून बारा बाया नानासोंकडं धाडल्या आन् सोता गाडी काढून भामाबाईच्या रानात गेली. अकराच्या अकरा वढून न्यायच्या, असंच ठरवून. बांधावर गाडी लावली तर भामाबाईनं वाफ्यातनंच हाक दिली.

"आलीस व्हय? मला वाटलं इसरलीस. ये, तो पलीकडचा वाफा तुझा."

मायाला आत्ता आठवलं. जूनमधी तिच्या रानात भुईमूग टोकायला ही बाई दोन दिस आलती. बोर्डावर सगळं असतंय म्हणून डोस्क्यात ठिवायचं मायानं सोडलंतं, आन् पैरा बोर्डावर कुणी चढवलाच न्हवता. तिनंबी न्हाई.

"मामी, नानासोंचा मणी आज-उद्यात बुडला न्हाई तर बाग गेली. मी शब्द दिलाय."

"मलाबी दिलतास," भामाबाई म्हणली. "कांद्याच्या रोपांचं तरू काल उपटलंय. उनात वाळंल ते. बोल, कुणाचं मरू दे?"

मायानं बोर्ड उघडला. बुधवारचं कार्ड बोटानं दाबून धरलं आन् दोन तुकडं केलं. डिपिंगचं काम उनाच्या भरात करत न्हाईत, अकरा ते साडेतीन बाग तशीबी बंदच. मग ती म्हणली, "दोनच्या आत कांदा उरकायचा. साडेतीनला समद्या नानासोंच्या बागंत."

"आन् न्हाई उरकला तर?"

"त्वांड कमी चालवा, उरकंल."

तिनं पदर खवला आन् पलीकडच्या वाफ्यात बसली. नानासोंना फोन केला तो चिखलाच्या हातानंच. "नाना, सकाळच्याला बारा बाया, साडेतीनपास्नं समद्या. उद्या दुपारच्या आत दोन एकर तुमाला बुडवून देती."

"वीरधवल आत्ताच फाटकावर येऊन गेला," नानासो म्हणले. "म्हणला, पोरीची टोळी फुटली, माझ्या बाया देऊ का?"

"मग काय म्हणलात?"

"म्हणलं, च्या पिऊन जा."

पावणेदोनला शेवटचं रोप लागलं. साडेतीनला पिकअपमधनं तेरा बाया उतरल्या. माया, तिच्या अकरा, आन् औषधाचा मग हातात घेतलेली भामाबाई.

"तुमचं काय काम हितं?" मुक्ताबाईनं इचारलं.

"माझा कांदा घाईत उरकला न्हवं हिनं. हात लावती घटकाभर."

दिस बुडस्तवर सव्वा एकर झाला. गुरुवारी अकराला नानासो शेवटच्या वळीत आले, घडाखाली हात धरून बघितलं आन् म्हणले, "पुढल्या वर्सीची तारीख आत्ताच टाक."

जेवायला बसल्यावर मायानं बोर्डावर चौथा रकाना काढला. मुक्ताबाईनं लगीच वळखलं.

"पैरा लिवू नगंस. लिवला की त्याची उधारी झाली. माणसावर इस्वास न्हाई म्हणून लिवत्यात."

"कोण कुणाचं देणं लागतंय ते न्हाईच लिवत, मावशी. नुसता दिस लिवती. त्या दिशी बाग घ्यायची न्हाई, एवढंच."

"आन् फोटू कुणाचा लावणार?"

"रानाचा. माणसाचा न्हाई."

मुक्ताबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "मग माझं शुक्करवारचं टाक. हरभरा खुडायचाय. पर फोटू चांगला काढ, बांधावरचं गवत दिसाय नगं."

त्याच सांजंला ऋषिराज पाटलांचा फोन आला. पाच एकराचा बागायतदार, त्याला आजवर कुण्या टोळीनं न्हाई म्हणलं न्हवतं. "शुक्करवारी घडातलं जादा मणी काढायचंत, विरळणीला टोळी पायजे. चोवीसच्या चोवीस."

"शुक्करवारी न्हाई जमत."

"का? दुसऱ्या कुणाची बाग घेतलीस?"

"बाग न्हाई. आमच्या मुक्तामावशीचा हरभरा हाय."

"आगं, हरभऱ्यापायी माझी पाच एकर सोडतीस?"

"सोडत न्हाई, दादा. शनवारी सातला आमी समद्या येतो. फाटक उघडं ठिवा."