प्रेमचंदची बडोद्याची तयारी

प्रेमचंद हुशार होता, हे मी कधी नाकारलं नाही. नंदुरबारच्या बाजारात रिखबचंद शेठजींचं कापडाचं दुकान, मागे त्यांचं घर आणि वरच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझे यजमान शाळेत मास्तर. त्या घरात काय शिजतंय ते मला जिन्यातच कळायचं. नाक खुपसते म्हणा हवं तर, मला काय!

शेठजींचा हा धाकटा मुलगा सुरतेला कॉमर्स शिकत होता. तिथे त्याचं मन रमेना. बडोद्याला मानसशास्त्राची पदवी होती, नुसती पोथीतली नव्हे, तर गिरणीत, शाळेत, दवाखान्यात उपयोगी पडणारी. कॉमर्स मधेच सोडून तिकडे जायचं त्याने डोक्यात घेतलं. तिथल्या प्रोफेसरांनी सांगितलं, जूनमध्ये मुलाखतीला ये, आणि एखाद्या जिवंत माणसाचं मन नीट समजून घेऊन त्यावर बोल. साठ-एकसष्ट साल असेल ते.

झालं! त्या उन्हाळ्यात पठ्ठ्याने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. मी पापड वाळत घालतेय आणि हा विचारतोय, "काकी, मी 'पाणी' म्हटलं की तुमच्या मनात पहिलं काय येतं?"

"नळ गेला! काय करी ऱ्हायना रे भाऊ? तुले काही कामधंदा शे का नही?"

मग शाईचे डाग दाखवायचा. काय दिसतं म्हणे. डाग दिसतो, धुवायला टाक, म्हटलं.

पण त्याला हवं ते माणूस घरातच सापडलं. त्याची भावजय, उमरावबाई. सासऱ्यांसमोर तिचा हातभर घुंघट असायचा आणि त्यांच्याशी बोलायचंही नाही. काही सांगायचं झालं तर मधे तिसरं माणूस लागे, बहुधा मीच. नवरा दिवसभर दुकानात. धाकट्या दिराचा मात्र पडदा नसतो, म्हणून ती मनमोकळं बोलायची ती फक्त प्रेमचंदशी.

उमरावबाई परसदाराची कडी लावायची, वळायची, आणि पुन्हा जाऊन बघायची. त्यावर कुणी बोलत नसे, कारण तिची दुडदुडती मुलगी त्याच दाराने बाहेर जाऊन हौदात बुडाली होती. कडी जुनी, ढिली, ती आपोआप निसटली असं तिनेच तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. शेठजींनी कडीही बदलून घेतली होती.

शेठजींना हे शिक्षण मुळीच पसंत नव्हतं. "वेड्यांचं शास्त्र शिकून दुकानाला काय उपयोग?" म्हणायचे. बापाला पटवावं आणि मुलाखतीची तालीमही व्हावी, म्हणून एके दुपारी प्रेमचंद दुकानातच उभा राहिला. बैठक भरलेली. धानोऱ्याचे कापूसदलाल चुनीलाल होते, कळसाडीचे दोन पाटीदार होते, थोरला भाऊ गज घेऊन माझं परकराचं कापड मोजत होता.

"एक बाई आहे. नाव सांगत नाही," प्रेमचंदने सुरुवात केली.

अरे शहाण्या! आपल्या बाजारात नाव गाळून काय लपतं? कुणाचं मूल हौदात गेलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तिने विश्वासाने फक्त त्याला सांगितलेलं हा सांगत सुटला, की कडी निसटली नव्हतीच. बाई त्या दिवशी ती लावायलाच विसरली, घाबरून खोटं बोलली, आणि तेव्हापासून ती न लावलेली कडी रोज लावतेय. फार सुंदर बोलला मेला! भावाच्या हातातला गज थांबला ते त्याला दिसलंसुद्धा नाही. चुनीलाल उगाच खोकले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि माझा त्यात काय दोष होता?

शेठजी एवढंच म्हणाले, "पुरे. जा तू बडोद्याला."

प्रेमचंदला वाटलं, जिंकलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी लोणचं द्यायला खाली गेले होते. उमरावबाई वाढायला आली ती घुंघट ओढून. तो हसला. "भाभी, हे काय? मी आहे."

ती माझ्याकडे वळली. "काकी, देवरजींना विचारा, भाजी वाढू का?"

त्याचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून पोरगा मान खाली घालून घरात वावरायचा. निघायच्या दिवशी तिने पुन्हा मलाच मधे घातलं. "त्यांना म्हणावं, तिकडे माझी गोष्ट काढू नका. नाव न घेतासुद्धा नको."

"शपथ, काकी. नाही काढणार."

"मला कशाला? तिला सांग की!"

"तिच्याकडे बघायचं धाडस होत नाही."

त्याला प्रवेश मिळाला. शेठजींनी गल्लीत पेढे वाटले. उमरावबाईने तिचा पेढा खाल्ला नाही.

भाद्रपदात संवत्सरीला तो घरी आला. त्या दिवशी जैनांच्या घरी प्रत्येकजण प्रत्येकाला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफी असावी. समोरचाही तेच म्हणतो आणि विषय संपतो. कशाबद्दल, असं कुणी विचारत नाही. प्रेमचंद बापापुढे म्हणाला, भावापुढे म्हणाला, माझ्यापुढेही म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन भावजयीपुढे म्हणाला.

तिने हात जोडले नाहीत. हळूच म्हणाली, "काकी, विचारा, कशाबद्दल?"

पण मला बोलावंच लागलं नाही.

"दुकानात बोललो त्याबद्दल," तो म्हणाला.

"आणि?"

कानशिलं लाल झाली त्याची. "तिथेही बोललो. मी दुसरं काही तयारच केलं नव्हतं, भाभी. त्यांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी वाखाणलं. मला तिथे वर्गात बसायचीसुद्धा लाज वाटते."

उमरावबाईने घुंघट वर केला आणि कितीतरी महिन्यांनी सरळ त्याच्याशी बोलली. "केलं माफ." त्याने मान वर केली. "पण आज नाही म्हणायची मुभा नाही आम्हाला, म्हणून केलं. खरं हवं असेल तर उद्या येऊन विचारा. उद्या मी खरं सांगेन."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर ती सकाळपासून डोक्यावरचा पदर मागे सारून स्वयंपाकघराच्या दाराशीच बसली होती. प्रेमचंद पहिल्या गाडीने बडोद्याला निघून गेला होता, आणि ते तिला सांगायचं माझ्या वाट्याला आलं.