पिवळ्याचं पुढं काय झालं?

माझी आई भूमिगत चळवळीत आहे हे मला कळलं, तेव्हा ती परसात वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

बेचाळीस साल नुकतंच संपलं होतं. मी खालापूरच्या कचेरीत हंगामी कारकून. मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला, आणि तिकडे कर्जतच्या डोंगरात कुणीतरी विजेचे मनोरे पाडत होतं. त्यामुळे साहेब सगळ्यांवर संशय घेत, आणि साहेबांना बरं दिसावं म्हणून मीही घेत असे. (एका आठवड्यात मी शिपायावर, पोस्टमनवर आणि एका बैलावर संशय घेतला. बैल सलग तीन दिवस एकाच मनोऱ्याखाली उभा होता!) फक्त स्वतःचं घर तेवढं सोडलं होतं.

शनिवारी मी कर्जतजवळच्या कोंडाण्याला घरी यायचो. त्या रविवारी दुपारी पाणी प्यायला मागच्या दाराशी गेलो, तर आई आणि शेजारची चांगुणा यांची कुजबूज कानावर आली.

"पिवळ्या जिता हाय का गं, बाय?" चांगुणानं विचारलं.

"कुनाला ठावं!" आई म्हणाली. "मनोरा पाडला एका हातानं. मंग टकल्यानं ढकलला त्याला दरीत."

"आन् फुडचं?"

"कालच्या मिल्ट्रीच्या गाडीनं कागूद आलाय. कणगीत ठेवलाय. सांजच्याला सोडू."

मी तांब्या तसाच खाली ठेवला. पिवळ्या! म्हणजे टोपणनाव. मनोरा! कागद! आणि टकल्या कोण? (आमच्या साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता!) घाट चढण्याआधी गाडीला मागून जादा इंजिन लावतात, तेवढ्या वेळात आई कर्जत स्टेशनात पाटीभर पेरू विकते, हे मला ठाऊक होतं. पण पेरूंच्या खाली चळवळ आहे, आणि तीही खुद्द सोल्जरांच्या गाडीतून येते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आये, हा पिवळ्या कोण?"

आईच्या हातातली शेंग थांबली. "कोन पिवळ्या? त्यो... चांगुणाचा कुत्रा."

"माज्याकडं कुठं कुत्रा हाय?" चांगुणा म्हणाली. (गुप्त कामात चांगुणासारखं माणूस घेऊ नये, एवढं तरी आईला कळायला हवं होतं.)

आई हंडा घेऊन विहिरीवर गेली आणि मी कणगीत हात घातला. जुन्या लुगड्यात बांधलेलं बोचकं निघालं. सोडून पाहतो तर काय! वरच्याच पानावर डोळ्यांना फडकं आणि पाठीवर पिवळा पटका बांधलेला एक धटिंगण विजेचा मनोरा मुळासकट उपटत होता! खाली इंग्रजी मजकूर. मी इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, पण एक अक्षर वाचायचा धीर झाला नाही. वाचायची गरजच काय होती? मनोरे कसे पाडावेत, याची सचित्र माहिती! आणि रंगीत!

तेवढ्यात अंगणात काठी आपटली. "वैनी हायत का घरात?"

पोलीस पाटील!

माझ्या डोळ्यांसमोर कायम होण्याचा कागद टराटरा फाटला. त्यानंतर बेड्या घातलेली आई दिसली. (क्रम उलटा हवा होता. त्याची लाज मला अजून वाटते.) चुलीवर पेज रटरटत होती. मी अख्खं बोचकं खाली जाळात सारलं.

पाटील आत आले. त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आला का?"

"कोण?"

"पिवळ्या रं!"

"पाटील, मला काही माहीत नाही!" मी त्यांचे पायच धरले. "आईला सोडा! ती अडाणी आहे, तिला वाचता येत नाही!"

"आमाला तरी कुठं येतं?" पाटील म्हणाले. "चितरं बगतो आमी."

मग सगळं बाहेर आलं. पेरू घेताना सोल्जर वाचून झालेली चित्रांची पुस्तकं आईच्या पाटीत टाकून देत. त्यात हा उडणारा गडी, आणि त्याच्या जिवावर उठलेला टकल्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मेलाच म्हणून समजा, आणि पुढच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठणठणीत! पुस्तकं क्रमानं येत नसत, त्यामुळे एकदा तो आधी सुटला आणि तीन आठवड्यांनी पकडला गेला. पण पुढं काय, या काळजीनं पाटलांसकट अर्धी आळी आमच्या परसात यायची.

आई हंडा घेऊन परतली. तिनं चुलीकडे पाहिलं आणि चिमट्यानं चित्रातल्या पिवळ्या पटक्याचं एक टोक बाहेर ओढलं. तेवढंच उरलं होतं.

"दरीत पडत व्हता रं त्यो," ती म्हणाली. "फुडचं मी बगितलंबी नव्हतं. समद्यांसंगं बगणार व्हते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण माझ्यापासून लपवलंस कशाला?"

"तू घाबरला असतास म्हनून."



पाटलांनी निवाडा दिला, "ज्यानं जाळला, त्यानंच फुडचं सांगायचं." पुढच्या रविवारी परसात सगळे जमले. मी पिवळ्याला दरीतल्या एका फांदीला लटकवलं आणि पुढची गोष्ट सुरू केली. आई पहिल्यापासून माझ्याकडे संशयानं पाहत होती.

"मंग उडाला का?"

"उडणार होता. पण परवानगीसाठी त्यानं आधी अर्ज केला."

"उडाया अर्ज?"

"नियम आहे, आये."

"बरं. मंग टकल्याला हाणला का न्हाई?"

"टकल्याला... त्यानं नमस्कार केला." (साहेबांच्या कानावर गेलं तर, ही धास्ती होतीच!)

आईनं वालाचं सूप उचललं. "चांगुणे, ऊठ. पिवळ्या चुलीतच मेला गं. ह्यो आमचा दत्तू हाय, पटका बांधून बसलेला."

पुढच्या महिन्यात कचेरीनं मला कायम केलं. परसातून मात्र मी त्या रविवारीच बडतर्फ झालो होतो.