केशर कुणाच्या वाटीत

सुनेला सातवा लागला आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीनं परदेशातून एक व्हिडिओ पाठवला. तिनं आणि जावयानं सगळ्यांसमोर केक कापला, आत गुलाबी रंग निघाला आणि जमलेली माणसं आनंदानं किंचाळली. मुलगी होणार हे त्यांना आधीच कळलं होतं. आमच्याकडं सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, इथं असलं विचारणं गुन्हा आहे म्हणून. ती पाटी का लावावी लागली यावर, शाळेत मुख्याध्यापिका असताना, मी कितीतरी भाषणं केली. कुठल्या वाक्याला गळा दाटून आणायचा तेसुद्धा ठरलेलं असे.

"आपलं डोहाळजेवण काय कमी आहे?" मी जेवताना जाहीर केलं. "दोन पालथ्या वाट्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गंमत ती गंमत. आणि पेढे-बर्फी मी घरी करणार."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "खव्याच्या गावात, वाशीत राहून? अगं, लोक लांबून येऊन आपल्याकडचे पेढे न्यायलेत, आन् तू घरी करणार?"

"म्हणूनच तर. खवा दारात मिळतो, मग पेढे विकत कशाला?"

ते गप्प बसले. माझा रव्याचा लाडू एकदा त्यांनी खलबत्त्यात फोडून खाल्ला होता, त्यामुळं त्यांच्या गप्प बसण्यात बराच अनुभव होता.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः खव्याच्या भट्टीवर गेले. भट्टीवाल्यानं विचारलं, "बाई, कशाला पाह्यजे एवढा?"

"पेढे करायचेत."

"मंग तयारच न्या की. ताजे हायेत."

गृहपाठ न करून आलेल्या पोराकडं बघावं तसं मी त्याच्याकडं बघितलं आणि दोन किलो खवा घेऊन आले.

दुपारी स्वयंपाकघरात दोन कढया मांडल्या. सून मेडिकलच्या दुकानात बसते, ती जेवायला घरी आली होती. जेवून झाल्यावर दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून निवांत माझ्याकडं बघत बसली. मी वाटीभर गरम दुधात केशर भिजत घातलं. घरात होतं नव्हतं तेवढं सगळं.

"आई, हे केशर कशात?"

"पेढ्यात."

"आन् बर्फीत?"

"बर्फी पांढरीच चांगली दिसते."

"बदामाचे काप?"

"ते पेढ्यावर."

तिनं दोन्ही कढयांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "पेढ्याचा खवा जास्त घेतलाय, का मलाच तसं दिसायलंय?"

आवाजात टोमणा नव्हता. बाटलीवरची तारीख बघावी तसं तिनं नुसतं बघून सांगितलं होतं. मी म्हणाले, "पाव्हणे पेढेच जास्त खातात." हे मी त्याच क्षणी शोधून काढलं होतं. तिलाही ते कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. एवढी वर्षं माईकसमोर उभं राहून मुलींची बाजू मांडली, आणि माझ्या हातांनी मला न विचारताच केशर कुणाला द्यायचं ते ठरवून टाकलं होतं.

माणूस ओशाळला की घाई करतो. मीही केली. पेढ्याचा खवा भाजून झाल्यावर तो कोमट होऊ द्यायचा आणि मगच पिठीसाखर घालायची, हे मला तोंडपाठ होतं. मी कढई उतरवली आणि तशाच गरम खव्यात साखर लोटली, वर केशराचं दूध. बघता बघता पेढ्याची बासुंदी झाली. ती आटवायला पुन्हा गॅसवर ठेवली, तोवर शेजारच्या शेगडीवर बर्फीचा पाक पुढं निघून गेला. त्यात खवा घातला तर सगळं वाळूसारखं कोरडं. एका कढईत पातळ, एका कढईत रवाळ, आणि मधे मी, दोन्ही हातांत दोन उलथणी.

"मोबाइलवर बघू का?" सुनेनं विचारलं.

"काही नको. मला येतं."

तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांचं माहेर नळदुर्गच्या पलीकडचं, फार हसू आलं की कानडीत हसतात, असं आमच्याकडं म्हणतात. दोन्ही कढयांत डोकावून त्या कानडीत बरंच काही बोलल्या. मग मराठीत आल्या.

"बाई, काय करायलीस हे?"

"यातले पेढे. आणि यातली बर्फी."

"आता उलटं कर. हे पातळ हाय, तूप लावून ताटात वत, वड्या पडतील. ह्या कोरड्याला दुधाचा हात लाव आन् पेढे वळ."

"पण केशर पेढ्यात होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग? बर्फीला काय केशर चावतंय व्हय?"

सुनेनं पदर तोंडाला लावला. मी मुकाट्यानं ताटाला तूप लावलं.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. सुनेला हिरवी साडी, फुलांचे दागिने घातले, ओटी भरली. मग तिच्यापुढं ताटात दोन वाट्या आल्या. तिनं उजवीकडची उचलली.

खाली जे होतं ते बघायला सगळ्या पुढं वाकल्या. वडी नीट धरलीच नव्हती. रात्रभरात कोपरे बसून ती गोलसर झाली होती, आणि रंग पिवळाधमक.

"पेढा! पेढा!" पुढच्या बायका ओरडल्या.

"कशाचा पेढा? चौकोनी हाय की."

"एवढं केशर बर्फीत कोण घालतंय?"

"बाई, तुमीच केलंय ना? तुमीच सांगा काय ते!"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माईक असता तर बरं झालं असतं, काहीतरी सुचलं असतं. मी खरं तेच बोलले. "बर्फी आहे. करायला पेढा घेतला होता."

एवढा हशा आमच्या घरात लग्नातही झाला नव्हता. सून तर इतकी हसली की डोक्यातला गजरा कानावर आला. मग तिनं ती वस्तू उचलून सरळ तोंडात टाकली आणि म्हणाली, "आई, चव मात्र लई भारी झालीय." शेजारच्या आजींनी दुसऱ्या वाटीतला पेढा खाऊन बघितला आणि पाणी मागितलं.

दोन महिन्यांनी ती बाळंत झाली. नर्सनं बाहेर येऊन मुलगा झाल्याचं सांगितलं आणि मी तिथंच बाकावर बसून रडले. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. नवऱ्यानं आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग रुमाल दिला. संध्याकाळी खोलीत सून आणि मी दोघीच होतो. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं.

"आई, तुम्ही लई रडलात म्हणे."

"हो."

"मुलगी झाली असती तरी रडला असता का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तिच्यासमोर आता माझं भाषण चालत नव्हतं.

"रडले असते," मी म्हणाले. "पण थोडं उशिरा."

ती हसली आणि लगेच पोटावर हात दाबून कळवळली. "हसवू नका हो, टाके दुखायलेत." मग तिनं बाळ हळूच उचलून माझ्याकडं केलं. "धरा. मानेखाली हात घाला. घाई करू नका."

मी मानेखाली हात घातला. घाई केली नाही.