कांताबाईंच्या वाट्याचा काठ

पिशोरला एसटी बदलायची होती. मी भजी खात बसलो आणि बस मला सोडून गेली. शेवटी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, मांडीवर कुणाची तरी कांद्याची पिशवी सांभाळत मित्राच्या गावच्या नदीकाठी पोचलो.

नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. संभाजीनगरच्या इमारतींसाठी वाळू उपसून पात्र खरवडलेल्या पातेल्यासारखं झालं होतं, त्यामुळे काठ दर पुरात ढासळत होता. तो धरून ठेवायला गावानं वाळा लावला आहे. हे इथलंच गवत, मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात. प्रत्येक घराकडे काठाचा एक तुकडा, त्याला ‘वाटा’ म्हणतात. ज्याचा वाटा त्यानं आंघोळीचं, भांड्यांचं पाणी रोज डोक्यावरून आणून जगवायचा. प्यायच्या पाण्याची मारामार असताना हे चालतं. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटलं.

कौतुकाच्या भरात मीही कामाला लागलो आणि वाळलेले तीन ठोंब उपटले. तेवढ्यात वाट्याच्या मालकीण कांताबाई डोक्यावर हंडी घेऊन आल्या.

“काय करायलात भाऊ?”

“मेलेले काढतोय.”

“मेले नायत ते. वरून वाळलेत, खाली जित्ते हायत.” त्यांनी नखानं मूळ खरवडलं. आत पांढरं, ओलसर होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ह्याच्या मागं माझं रान हाय,” त्या म्हणाल्या. “मागल्या पुरानं काठ बांधापतूर आलाय. औंदा वाळ्यानं धरलं नाय, तर रान गेलं.”

रागावल्या मात्र नाहीत. तिन्ही ठोंब परत लावून अख्खी हंडी त्यांनाच घातली. बाकीचा वाटा त्या दिवशी कोरडा राहिला.

दुपारी त्यांच्याच घरी जेवलो: ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची). वाढता वाढता त्यांनी विचारलं, “घर सोताचं का?”

“हो, संभाजीनगरात नवीनच बांधलं.”

“वाळू कुठली?”

मला ठाऊक नव्हतं. “ठेकेदारानं आणली,” म्हणालो, आणि घाईनं पुढं म्हणालो, “मलाही एक वाटा द्या की.”

“रोज येताल का पाणी घालायला?”

मी भाकरी मोडत राहिलो. त्यांनी पानात आणखी आमटी वाढली.

संध्याकाळी घरी आलो. नव्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. आत कुठल्या नदीची वाळू आहे, अजून माहीत नाही. पण तिच्या काठामागं कुण्या कांताबाईंचं रान होतं, एवढं आता कळलं आहे.